पोळी सोडली, पेशी राहिल्या

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली जांभळी-गुलाबी स्लाइड]

तांदळाच्या दाण्याहून लहान असा हा लहान आतड्याचा तुकडा. एंडोस्कोपी करताना काढलेला. निरोगी आतड्यात इथं बोटांसारखे रसांकुर उभे दिसतात. सिलिॲक या आतड्याच्या आजारात ते झिजून सपाट होतात.

यामागे गहू आहे, असा संशय नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना आधीपासून होता. 1944-45च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला, आणि नेमकी सिलिॲकची मुलं सुधारली. पाव परत आला, तसे जुलाबही आले.

[दृश्य: स्लाइड आणखी जवळून]

हे गडद ठिपके बघा. अस्तराच्या पेशींमध्ये घुसून बसलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. रसांकुर झिजायच्या आधीच त्यांची गर्दी होते. पॅथॉलॉजिस्ट त्या एकेक करून मोजतात. अस्तराच्या 100 पेशींमागे 25हून जास्त भरल्या की शंका येते. शंकाच, कारण जठरातल्या हेलिकोबॅक्टर जिवाणूच्या संसर्गानं किंवा काही वेदनाशामक गोळ्यांनीही त्या वाढतात.

खरी अडचण होते ती आधीच गहू सोडलेल्यांची. रक्तातल्या अँटिबॉडी उतरलेल्या, रसांकुर भरून आलेले. मग डॉक्टर सांगतात, काही आठवडे रोज पोळी खा, मग तपासू. जिच्यामुळे पोट धरून बसावं लागायचं, तीच पोळी! म्हणून तपासणी आधी, पथ्य नंतर, हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

[दृश्य: एंडोस्कोपीची खोली, दोन छोट्या बाटल्या]

एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जातो. दुसरा ताजाच प्रयोगशाळेत. तिथं त्यातल्या पेशी सुट्या करून त्यांना चमकणाऱ्या अँटिबॉडी लावतात आणि लेझरसमोरून एकेक पेशी सोडतात. शोध असतो गॅमा-डेल्टा टी-पेशींचा, म्हणजे लिम्फोसाइटच्याच एका प्रकाराचा. निरोगी अस्तरात त्या थोड्या असतात. सिलिॲकमध्ये वाढतात, आणि गहू बंद करून वर्षं लोटली तरी बहुधा वाढलेल्याच राहतात. पोळी न खाऊ घालता मिळणारा हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो.

[दृश्य: रक्ताची नळी]

ऑस्लोमध्ये लुडविग सोलिड यांच्या गटानं 1993मध्ये रुग्णांच्या आतड्यातून ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, ओळखणाऱ्या टी-पेशी वेगळ्या केल्या. त्यांच्यातल्या काही रक्तातही फिरत असतात, दहा लाखांमागे मोजक्याच. टेट्रामर नावाच्या रेणूंचा गळ टाकून त्या पकडता येतात, गहू सोडलेल्यांच्या रक्तातूनसुद्धा. ही चाचणी अजून रोजच्या वापरात आलेली नाही.