०.८८७ आणि पाच स्टॅन्ले कप

(दृश्य: बर्फाच्या बादलीतून बाहेर येणारा पक)

आइस हॉकीचा पक, म्हणजे कडक रबराची चकती. व्यास तीन इंच, जाडी एक इंच. सामन्याआधी हे पक गोठवून ठेवतात, कारण गार नसलेलं रबर बर्फावर उसळ्या मारतं आणि कुणालाच आवरत नाही. ज्या चौकटीत तो जाऊ द्यायचा नाही, ती सहा फूट रुंद आणि चार फूट उंच.

(दृश्य: गोली, संथ गतीत)

गोलीच्या, म्हणजे गोलरक्षकाच्या, गुडघ्यांकडे बघा. दोन्ही एकदम बर्फावर टेकतात, पावलं बाहेर फेकली जातात आणि पॅड आडवे पसरून खालची जागा बंद करतात. निळ्या रेषेवरून, म्हणजे दूरवरून, मारलेला जोरदार फटका अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. समोर कुणी नसेल, तर व्यावसायिक गोली तो सहसा अडवतो. आता हाच फटका पुन्हा, पण या वेळी गोलीच्या नाकासमोर प्रतिस्पर्धी उभा आहे. पक दिसतो तेव्हा तो जवळजवळ अंगावर आलेला असतो. आणि हा तिसरा प्रकार: डावीकडून उजवीकडे पास, आणि पक न थांबवता थेट फटका. गोलीला एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सरकायचंय, तेही गुडघ्यांवर.

(दृश्य: नोंदणीचं टेबल)

वहीत मात्र तिन्ही फटके सारखेच. एक शॉट, एक शॉट, एक शॉट. तीस शॉटपैकी सत्तावीस अडवले की सेव्ह पर्सेंटेज ०.९००. खांबाला लागून बाहेर गेलेला पक शॉट धरत नाहीत. गोलीला बाहेर बोलावून रिकाम्या जाळीवर झालेला गोल त्याच्या नावावर चढत नाही. संघाचा एक खेळाडू शिक्षेमुळे खेळाबाहेर बसलेला असताना आलेले फटके अधिक अवघड असतात, तरी तेही याच बेरजेत. ज्याचा संघ शिक्षा जास्त ओढवून घेतो, त्या गोलीचा आकडा आपोआप घसरतो.

(दृश्य: एडमंटन ऑयलर्स, जुनं चित्रण)

ग्रँट फ्यूर, ऑयलर्सचा गोली. पाच स्टॅन्ले कप, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या एनएचएल लीगची पाच विजेतेपदं. कारकिर्दीचं सेव्ह पर्सेंटेज ०.८८७. आजच्या तक्त्यात असा गोली राखीव बाकावर बसेल. पण फ्यूर ज्या संघामागे उभा होता, त्याने १९८३-८४ च्या ८० सामन्यांत ४४६ गोल केले. बचावपटूसुद्धा हल्ल्यात धावायचे. पक हातचा गेला की दोघं-तिघं मोकळे फ्यूरवर चालून यायचे. १९८७-८८ मध्ये त्याने ७५ सामने खेळले, ४० जिंकले आणि सर्वोत्तम गोलीची वेझिना ट्रॉफी मिळवली. आकडा ०.८८१, त्या मोसमात लीगची सरासरीही साधारण तेवढीच. तेव्हाच्या गोलीला आजच्या सरासरीशी ताडणं हा सरळ अन्याय आहे.

१९८४ ची स्टॅन्ले कपची अंतिम फेरी, पहिला सामना. समोर सलग चार वेळा कप जिंकलेले आयलँडर्स, त्यांच्याच घरी. निकाल १-०. गोलांचा पाऊस पाडणाऱ्या संघाने त्या रात्री एकच गोल केला आणि तो पुरला. फ्यूरच्या पाच कपांपैकी पहिला त्याच मालिकेतला.

(दृश्य: पॅट्रिक रॉय, १९९३)

मोक्याच्या वेळचा गोली म्हटलं की माँट्रियलच्या रॉयचं नाव हमखास निघतं. माँट्रियलने त्या प्लेऑफमध्ये, म्हणजे कपसाठीच्या बाद फेऱ्यांत, ओव्हरटाइमचे (बरोबरीनंतर पहिला गोल होईपर्यंत चालणारे) दहा सामने सलग जिंकले. पण ओव्हरटाइम संपवायला पलीकडे कुणीतरी गोल करावा लागतो, आणि तो रॉयने केला नव्हता. हिशेबाचीही अडचण आहेच. सात सामन्यांच्या मालिकेत जेमतेम दोनशे शॉट येतात. ०.९०० च्या गोलीचा आकडा तेवढ्यात नुसत्या नशिबाने ०.०२० वर किंवा खाली जाऊ शकतो, म्हणजे चार गोल. एवढ्यावरून कुणाला पोलादी काळजाचा आणि कुणाला भित्रा ठरवायचं? फ्यूरचे प्लेऑफमधले ९२ विजय मात्र एका मालिकेचे नाहीत.

(दृश्य: नागानो, १९९८)

ऑलिंपिकचा उपांत्य सामना, चेक संघ विरुद्ध कॅनडा. १-१. मग शूटआउट, म्हणजे एकेक खेळाडू एकट्या गोलीसमोर. कॅनडाच्या समोर चेक गोली डोमिनिक हाशेक, कारकिर्दीचा आकडा ०.९२२, म्हणजे आकड्यांचे तक्ते मांडणाऱ्यांचाही लाडका. कॅनडाचे पाच जण: फ्लूरी. बोर्क. न्यूवेंडाइक. लिंड्रोस, याचा पक खांबाला लागला. शॅनहन. पाचांपैकी एकालाही गोल करता आला नाही. चेक संघ पुढे रशियाला १-० हरवून सुवर्णपदक घेऊन गेला. शूटआउटमधले हे बचाव सेव्ह पर्सेंटेजमध्ये धरतच नाहीत.

(दृश्य: संगणकावर रिंकचा नकाशा, फटक्यांचे ठिपके)

आता प्रत्येक फटक्याला अंतर, कोन आणि प्रकार पाहून गोल होण्याची शक्यता देतात. शक्यतांची बेरीज ३.२ आणि प्रत्यक्षात दोन गोल, तर गोलीने १.२ गोल वाचवले. गोली निवडताना संघ हेही पाहतात. पण सार्वजनिक नोंदीत फटक्याआधीचा पास नसतो आणि समोर कोण उभं होतं तेही नसतं. ढिल्या बचावामागचा गोली इथेही थोडा मार खातोच. फ्यूरच्या काळातल्या फटक्यांचे असे ठिपके कुणी मांडून ठेवलेले नाहीत. २००३ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.