फायरवॉल चालूच असते, भोकं कुणी पाडली ते बघा

नमस्कार. पत्रिकेवर विषय 'घरचा राऊटर आणि त्याची सुरक्षा' असा छापलाय, आणि कोणती सेटिंग्ज कुठे करायची ते सांगेन असं मी संयोजकांना कबूल केलंय. ते शेवटी. वह्या काढलेल्यांनी जरा दम धरावा. या सभागृहाच्या वायफायचा पासवर्ड मागच्या फळ्यावर लिहिलाय. तो वाचून अर्ध्या लोकांना आपल्या घरचा आठवला असेल.

फायरवॉल, म्हणजे राऊटरमधला बाहेरून येणाऱ्या डेटावरचा पहारा, म्हटलं की कुणीतरी सोसायटीच्या वॉचमनची उपमा देतंच. मला ती पटत नाही. वॉचमन चेहरा बघतो, 'कुणाकडे?' विचारतो आणि ऐटीत चालत आलेल्याला सलाम ठोकून सोडतो. राऊटर यातलं काही करत नाही. तो फक्त नोंद ठेवतो. तुमच्या लॅपटॉपने १९२.१६८.१.५ या पत्त्यावरून बाहेरच्या सर्व्हरकडे कनेक्शन मागितलं, की आतला पत्ता आणि पोर्ट (म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक), बाहेरचा पत्ता आणि पोर्ट असं लिहून घेतलं जातं. उत्तर आलं आणि नोंद जुळली, तर पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, आत. नोंद नसेल तर पॅकेट गुपचूप टाकून दिलं जातं, पाठवणाऱ्याला 'नाही' म्हणूनसुद्धा कळवत नाहीत. बाजारातला जवळजवळ प्रत्येक राऊटर हे डबा उघडल्यापासून करतो. तेव्हा 'माझ्याकडे फायरवॉल आहे का?' हा प्रश्नच चुकीचा आहे. आणि उलटंही लक्षात घ्या: जे आतून मागवलं, त्याला ती अडवत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली 'लग्नाची पत्रिका' एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवणारी फाइल, निघाली आणि तुम्ही ती उतरवलीत, तर राऊटर तिला वाजतगाजत आत आणतो.

खरा प्रश्न आहे तो त्या भिंतीला पाडलेल्या भोकांचा, आणि आता माझं आवडतं रडगाणं. सीसीटीव्ही बसवणारा येतो. मालकाला ऑफिसातून कॅमेरा बघायचाय. योग्य रस्ता म्हणजे राऊटरवर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कात यायचा कुलूपबंद बोगदा, चालू करणं, पण त्याला अर्धा तास लागतो. तो काय करतो? डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याचा, पत्ता राऊटरच्या डीएमझेडच्या रकान्यात टाकतो आणि चहा पिऊन निघून जातो. डीएमझेड म्हणजे बाहेरून आलेलं, कुठल्याही नोंदीत न बसणारं प्रत्येक पॅकेट सरळ त्या डीव्हीआरकडे. पासष्ट हजार पस्तीस पोर्ट... नाही, पासष्ट हजार पाचशे पस्तीस, सगळी खुली. जरा सभ्य माणूस असेल तर ५५४ आणि ८००० एवढीच उघडतो. आणि डीव्हीआरचा पासवर्ड? तुम्ही हसताय, म्हणजे माहीत आहे.

२०१६ साली मिराई नावाच्या बॉटनेटने, म्हणजे ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या टोळीने, नेमकं यावरच पोट भरलं. ते इंटरनेटभर टेलनेटची, म्हणजे दुरून उपकरण चालवण्याच्या जुन्या सोयीची, २३ आणि २३२३ ही पोर्ट ठोठावत फिरायचं आणि कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्या लावून बघायचं. कुलूप फोडायची गरजच नव्हती. अशा कॅमेऱ्यांच्या आणि डीव्हीआरच्या फौजेने त्या वर्षी २१ ऑक्टोबरला डाइन (Dyn) या डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या, कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले. पुढच्याच महिन्यात त्याच्या एका भावंडाने ७५४७ हे पोर्ट धरलं. हे पोर्ट ग्राहक उघडत नाही. इंटरनेट कंपनी राऊटर दुरून सांभाळण्यासाठी उघडं ठेवते. जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचं कनेक्शन बसलं. गंमत बघा, ते राऊटर बाधित झालेच नव्हते! दारावरच्या धक्क्यांनीच ते कोलमडले. म्हणजे भोक कधी कारागीर पाडतो, कधी कंपनी, आणि तिसरा प्रकार...

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, वह्या काढा.

तिसरा प्रकार यूपीएनपी. आतलं कुठलंही उपकरण, कुणाला न विचारता, स्वतःसाठी पोर्ट उघडून घेतं. बंद करा. मुलाचा गेमिंग कन्सोल 'एनएटी स्ट्रिक्ट', म्हणजे बाहेरून कनेक्शन येत नाही, म्हणून कुरकुरला तर त्याच्यापुरतं पोर्ट हाताने उघडा. डीएमझेड रिकामं. पोर्ट फॉरवर्डिंगची यादी उघडा, ओळखीचं नाही ते काढा. बाहेरून, म्हणजे वॅनकडून, राऊटरचं पान उघडण्याची सोय बंद. ॲडमिनचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी पिन किंवा बटणाने वायफाय जोडायची सोय, बंद: तो पिन आठ आकडी दिसतो, पण निम्मा-निम्मा तपासला जातो आणि शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत सापडतो, २०११ पासून हे जगजाहीर आहे. टीव्ही, कॅमेरे, बल्ब गेस्ट नेटवर्कवर टाका. मग फोनवरून टीव्हीवर कास्ट होणार नाही, ते बिघाड म्हणून कंपनीला फोन करू नका. फर्मवेअर, म्हणजे राऊटरमधलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. काही बिनसलं म्हणून रीसेटच्या भोकात टाचणी घालण्याआधी पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या इंटरनेट जोडणीचं, नाव, पासवर्ड आणि कंपनीने दिलेला व्हीलॅन क्रमांक लिहून ठेवा, नाहीतर आठवडाभर मोबाईल डेटा.

स्वतःचा राऊटर कंपनीच्या डब्यामागे लावला असेल तर फायरवॉल दोन होतात आणि पोर्ट दोन्हीकडे उघडावी लागतात. कंपनीचा डबा ब्रिज मोडवर, म्हणजे नुसता तारजोड म्हणून, टाकून घ्या, पण मग सगळी राखण तुमच्या राऊटरची. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात, तिथे फॉरवर्डिंग चालतच नाही.

हो हो, संपवतो. फक्त आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, राहिलं. त्यात पत्ता सामायिक नसतो, प्रत्येक उपकरणाला जगभरातून गाठता येईल असा स्वतःचा पत्ता मिळतो. राऊटरवर आयपीव्ही६ फायरवॉलचं बटण बहुतेकदा वेगळं असतं, ते चालू आहे ना बघा. मग लॅपटॉपवरून आयपीव्ही६ पोर्ट तपासणारं एखादं संकेतस्थळ उघडा. 'फिल्टर्ड' आलं, म्हणजे पॅकेट वाटेतच टाकलं गेलं, तर ठीक. 'क्लोज्ड' आलं तर खूश होऊ नका. बहुधा पॅकेट राऊटर ओलांडून लॅपटॉपपर्यंत पोचलं आणि लॅपटॉपनेच नकार दिला.