डेपोवरची वीज कोणाच्या घरात?

जुन्या कचराडेपोवर सौर प्रकल्प होणार अशी बातमी आली, की आपण विचारतो, किती मेगावॉट? खर्च किती? मला त्याआधीचा प्रश्न विचारायचा आहे. तो कचरा कोणाच्या दारात पडत होता, आणि ही वीज आता कोणाच्या घरात जाणार?

त्यासाठी अमेरिकेतल्या ह्यूस्टनकडे पाहू. शहराच्या दक्षिणेला सनीसाइड ही मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. 1930च्या दशकापासून शहराचा कचरा तिथे येऊन पडू लागला. पुढे कचरा जाळण्याची भट्टीही आली आणि तिची राख तिथेच पसरली. 1967 साली एक मुलगा त्या डेपोवरच्या पाण्यात बुडून गेला. लोक रस्त्यावर उतरले. डेपो बंद झाला तो सत्तरच्या दशकात, आणि मागे राहिली सुमारे 240 एकर निरुपयोगी जमीन.

हा योगायोग होता का? रॉबर्ट बुलार्ड या समाजशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये ह्यूस्टनच्या सगळ्या डेपोंची नोंद काढली. त्यांच्या पत्नी लिंडा मॅकीव्हर बुलार्ड वकील होत्या. दुसऱ्या एका वस्तीजवळ येऊ घातलेल्या डेपोविरुद्ध त्यांनी दावा लावला होता, आणि त्या दाव्यासाठी ही माहिती हवी होती. निघालं असं, की कृष्णवर्णीय लोक शहरात साधारण चौथा हिस्सा, पण नगरपालिकेचे पाचही डेपो त्यांच्या वस्त्यांत. आठ भट्ट्यांपैकी सहा तिथेच. दावा हरला. पण पर्यावरणीय न्यायाची, म्हणजे प्रदूषणाचा भार दुबळ्या वस्त्यांवरच का, हे विचारणारी चळवळ अभ्यासायची तर आजही या आकड्यांपासूनच सुरुवात करावी लागते.

आता त्याच सनीसाइडच्या डेपोवर सुमारे 50 मेगावॉटचा सौर प्रकल्प आखला गेला. जमिनीच्या भाडेकराराला नगर परिषदेने जानेवारी 2021 मध्ये मंजुरी दिली. भाडं वर्षाला एक डॉलर.

अशा जमिनीवर पॅनेल बसवणं म्हणजे काय, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण यात घाई करणारे पुढे पस्तावतात. बंद डेपोवर मातीचा जाड थर दाबून बसवलेला असतो. पावसाचं पाणी कचऱ्यात उतरू नये आणि त्याचं विषारी काळं पाणी, म्हणजे लीचेट, होऊन भूजलात जाऊ नये, यासाठी हा थर. एरवी सौर प्रकल्पात लोखंडी खांब जमिनीत ठोकतात. इथे ठोकले तर थरालाच भोक पडेल. म्हणून काँक्रीटचे जड ठोकळे वरच ठेवायचे आणि त्यांच्यावर सांगाडा उभारायचा.

दुसरी अडचण खालच्या कचऱ्याची. तो वर्षानुवर्षं कुजत राहतो आणि जमीन खचते, तीही सगळीकडे सारखी नाही. एक कोपरा खाली गेला की सांगाडा पिळवटतो, काचेला तडा जातो. म्हणून पॅनेलच्या रांगा लहान ठेवाव्या लागतात आणि केबल जमिनीवरून, थोडी सैल सोडून न्यावी लागते. कुजताना निघणाऱ्या वायूत जवळपास निम्मा मिथेन असतो. तो बाहेर काढणाऱ्या नळ्यांपासून विजेची जोडणी लांबच हवी. आणि पॅनेलवरून ओघळणारं पावसाचं पाणी एकाच रेषेत पडून माती धुऊन नेतं. तिथे गवत राखावंच लागतं.

हे सगळं जमण्यासारखं आहे, अनेक देशांत जमलंही आहे. अवघड आहे तो वाटणीचा भाग. सनीसाइडच्या आराखड्यात बहुतेक वीज ग्रिडला जाणार, आणि शेजारच्या लोकांसाठी सामुदायिक सौर योजनेचा वाटा आहे जेमतेम 2 मेगावॉट. छपरावर पॅनेल लावणं ज्यांना परवडत नाही, भाड्याच्या घरात राहतात, त्यांना या वाट्यातून बिलात सूट मिळावी ही कल्पना. कल्पना योग्यच आहे. पण ज्यांनी दशकानुदशकं धूर आणि राख सोसली, त्यांच्या पदरात इतकंच का पडावं, हे मला पटत नाही.

आपल्याकडे देवनारला 1927 पासून मुंबईचा कचरा पडतो. जानेवारी 2016च्या आगीचा धूर गोवंडी-शिवाजीनगरच्या घराघरांत शिरला होता. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी पुण्याच्या कचऱ्यासाठी आपल्या विहिरी गमावल्या आणि वारंवार आंदोलनं केली. उद्या यांपैकी कुठल्याही जमिनीवर पॅनेल लावायचं ठरलं, तर टेंडर निघण्याआधीच तीन गोष्टी लेखी घ्या. शेजारच्या घरांच्या बिलात किती युनिट वजा होणार, देखभालीच्या नोकऱ्यांत स्थानिक किती, आणि वायू व भूजलाच्या तपासणीचे अहवाल दर सहा महिन्यांनी मराठीतून कुठे लावले जाणार.