एकसष्टच्या पोटातली बावीस कोटींची संख्या

चाळीसगावात गणितावर बोलताना जवळच्या पाटणे गावाचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला, आणि शके ११२८ चा उल्लेख असलेला तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. आज मात्र मला भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सोडवलेल्या एका उदाहरणाच्या उत्तराकडे, म्हणजे २२,६१,५३,९८० या संख्येकडे, बारकाईने पाहायचे आहे.

प्रश्न असा आहे: कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग मिळतो? ६१ ऐवजी ६० घेतले तर उत्तर ४ येते, कारण ६० गुणिले १६ अधिक १ म्हणजे ९६१, आणि तो ३१ चा वर्ग. ६२ घेतले तर ८ पुरतात. या दोन शेजाऱ्यांच्या मध्ये बसलेल्या ६१ चे सर्वांत लहान उत्तर मात्र बावीस कोटींच्या पुढे जाते, आणि गणितात याहून विलक्षण शेजार मला तरी आढळलेला नाही. १६५७ मध्ये फ्रेंच गणितज्ञ फर्माने युरोपातील गणितज्ञांना जी आव्हाने दिली, त्यांतही हेच ६१ होते.

भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने, म्हणजे एका जोडीवरून पुढची जोडी काढत उत्तराकडे नेणाऱ्या रीतीने, ८ च्या वर्गापासून (तो ६१ हून ३ ने जास्त) सुरुवात करून ३९ आणि ५ ही जोडी गाठली. ३९ चा वर्ग १५२१, आणि ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५. म्हणजे क्षेप, पहिलीच्या वर्गातून दुसरीच्या वर्गाची ६१ पट वजा करून येणारा फरक, उणे ४. तेथून ब्रह्मगुप्तांच्या भावनेने, म्हणजे अशा जोड्या एकमेकींशी गुणून नवी जोडी मिळवण्याच्या नियमाने, २९,७१८ आणि ३,८०५ ही जोडी मिळते, जिच्यात पहिलीचा वर्ग दुसरीच्या वर्गाच्या ६१ पटीहून बरोबर १ ने कमी असतो. या दोहोंच्या गुणाकाराची दुप्पट हेच आपले उत्तर.

या संख्येचा जन्म असा ठाऊक असल्यामुळे तिचे मूळ अवयव शोधायला कष्ट पडत नाहीत: २ चा वर्ग, ३ चा वर्ग, ५, १३, १२७ आणि ७६१. त्यावरून विभाजक १४४ येतात, आणि स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज ५१,९४,११,२०४ भरते, म्हणजे संख्येच्या दुपटीहूनही अधिक. ही बेरीज संख्येहून जास्त असली की तिला विपुल संख्या म्हणतात, म्हणून ती विपुल ठरते. तिच्या अंकांची बेरीज ३६ आहे आणि ३६ ने तिला निःशेष भाग जातो, त्यामुळे देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी ज्यांना हर्षद संख्या म्हटले, त्यांतही ती बसते. हा गुण दशमान लेखनावर अवलंबून असतो, तर अवयव कोणत्याही लेखनात तेच राहतात. म्हणून वर्गीकरणात मी अवयवांना अधिक वजन देतो.

तिची जोडीदार संख्या १,७६,६३,१९,०४९, म्हणजे मिळणाऱ्या पूर्ण वर्गाचे मूळ. ती २९,७१८ च्या वर्गाच्या दुपटीहून १ ने जास्त आणि ३,८०५ च्या वर्गाच्या १२२ पटीहून १ ने कमी असल्यामुळे २, ३, १३, १२७ यांनी भागल्यास बाकी १ उरते, तर ५, ६१, ७६१ यांना पूर्ण भाग जायला १ कमी पडतो. एकाच समीकरणात बांधलेल्या या दोन संख्यांना त्यामुळे एकाहून मोठा एकही सामाईक विभाजक नाही.