पाणी धरणातून निघाले आहे का? ‘इन द पाइपलाइन’ नेमके कधी म्हणावे

नमस्कार. आज आपण इंग्रजीतील एकच वाक्प्रचार घेणार आहोत, आणि तो म्हणजे ‘इन द पाइपलाइन’. ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या कुठल्याही कचेरीत तो दिवसातून चार वेळा कानावर पडतो. भविष्याविषयी बोलताना तो सहज तोंडी येतो, आणि नको तिथे आला की आपण देऊ नये तो शब्द समोरच्याला देऊन बसतो. म्हणून त्यावर सविस्तर बोलायचे आहे.

सुरुवात खऱ्या पाइपापासून करू. आमच्या नेरूळच्या सोसायटीत पहाटे पाणी येण्याच्या वेळी तळटाकीचे झाकण उघडून उभे राहिले, तर आधी पाण्याचा थेंबही दिसत नाही. पाइपातून नुसती हवा सुसाटत बाहेर येते. मग दोन-तीन उचक्या लागल्यासारखे थोडे गढूळ पाणी उडते, आणि त्यानंतर धार लागते. हे पाणी मोरबे धरणाचे, म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यातून निघालेले. भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातून ते मोठ्या जलवाहिन्यांनी शहरात येते. टाकी कोरडी दिसत असते तेव्हाही पाणी वाटेत असतेच, फक्त ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

या वाक्प्रचाराचा सगळा अर्थ त्या वाटेत असण्यात आहे. पाणी निघालेले आहे, कुठून कुठे जायचे ते ठरलेले आहे, आणि ते अजून पोहोचलेले नाही. यांतली एकही गोष्ट नसेल तर हा वाक्प्रचार वापरता येत नाही. आपल्याकडे म्हणतात, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? धरणातून पाणी सुटलेलेच नसेल तर ते पाइपात आहे असे कसे म्हणणार?

इंग्रजीत ही प्रतिमा आली ती मात्र खनिज तेलाच्या वाहिन्यांवरून. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात तेल आधी पिंपांत भरून घोडागाड्यांनी वाहून नेत असत. 1865 साली सॅम्युएल व्हॅन सिकल यांनी तिथे सुमारे पाच मैलांची लोखंडी वाहिनी टाकली, आणि तेल एका टोकाला दिसेनासे होऊन दुसऱ्या टोकाला निघू लागले. ‘काम सुरू आहे, पण फळ अजून दिसत नाही’ हा लाक्षणिक अर्थ पुढे विसाव्या शतकात रूढ झाला.

या शब्दांचे वजन मला एका चुकीतून कळले. इंग्रजी शिकवायला लागण्यापूर्वी मी महापे एमआयडीसीतल्या खोके बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी करत होते. एका ग्राहकाने त्याच्या मालाची चौकशी केली, आणि मी त्याला उत्तरात लिहिले, ‘युअर ऑर्डर इज इन द पाइपलाइन.’ मला म्हणायचे होते की तुमची मागणी आमच्या लक्षात आहे. प्रत्यक्षात त्या मागणीचा कागददेखील आलेला नव्हता, आणि यंत्रावर दुसऱ्याच कुणाचे काम चालू होते. ग्राहकाने मात्र वाक्याचा खरा अर्थ घेतला, चार दिवसांत माल निघेल असे धरून टेम्पो ठरवला, आणि तो टेम्पो आमच्या फाटकावरून रिकामा परत गेला. त्या ग्राहकाचे काही चुकले नव्हते. मी तेव्हा ‘वी हॅव नोटेड युअर ऑर्डर अँड विल स्टार्ट वर्क ऑन मंडे’ असे लिहायला हवे होते.

आता वाक्यरचनेकडे येऊ, आणि इथे थोडे थांबू, कारण सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक हीच आहे. आपल्याकडे सर्रास म्हणतात, ‘द प्रोजेक्ट इज इन पाइपलाइन.’ मधला ‘द’ गळून पडतो. मराठीत उपपद हा प्रकारच नसल्यामुळे तो गळल्याचे आपल्या कानाला खटकत नाही, पण इंग्रजी वाचणाऱ्याला लगेच खटकते. म्हणून हा वाक्प्रचार तीन शब्दांचा एकच शब्द समजून पाठ करा: ‘इनदपाइपलाइन’. दुसरे असे की प्रकल्प कितीही असले तरी पाइपलाइन एकवचनीच राहते. ‘थ्री न्यू स्कूल्स आर इन द पाइपलाइन’ म्हणायचे, ‘पाइपलाइन्स’ म्हणायचे नाही.

वाक्ये साधारण दोन साच्यांत बसतात. जी गोष्ट होऊ घातली आहे तिला कर्ता केले की ‘इज’ किंवा ‘आर’ येते, जसे, ‘अ न्यू लायब्ररी इज इन द पाइपलाइन.’ काम करणाऱ्याला कर्ता केले की ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ येते, जसे, ‘द कंपनी हॅज टू न्यू मेडिसिन्स इन द पाइपलाइन.’ दुसऱ्या साच्यात जबाबदारी कुणाची ते स्पष्ट होते, म्हणून कचेरीतल्या पत्रांत मला तो अधिक आवडतो.

काळ कसा बदलतो, ते पाहण्यासाठी नवी मुंबईच्या विमानतळाइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडत नाही. केंद्र सरकारने 2007 साली त्याला तत्त्वतः मान्यता दिली. त्यानंतरच्या वर्षांत कुणी लिहिले असते, ‘अ सेकंड एअरपोर्ट इज इन द पाइपलाइन’, तर ते अगदी योग्य ठरले असते, कारण पर्यावरणाच्या परवानग्या, भूसंपादन आणि पुनर्वसन अशा कामांतून प्रकल्प पुढे सरकत होता, पण उलव्याच्या बाजूने पाहणाऱ्याला तिथे अजून टेकडीच दिसत होती. 18 फेब्रुवारी 2018 रोजी भूमिपूजन झाले आणि प्रत्यक्ष बांधकाम उभे राहू लागले, तेव्हा ‘इट इज अंडर कन्स्ट्रक्शन’ हे अधिक नेमके वाक्य झाले. जे डोळ्यांसमोर उभे राहत आहे, ते पाइपात दडलेले आहे असे कशाला म्हणायचे? 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झाले आणि 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी विमाने उडू लागली. आता हा वाक्प्रचार वापरायचा तर तो भूतकाळात जातो: ‘द एअरपोर्ट हॅड बीन इन द पाइपलाइन फॉर मेनी यीअर्स बिफोर इट ओपन्ड.’ या वाक्यातले ‘हॅड बीन’ फार बोलके आहे. ज्या गावांनी आपली घरे आणि शेते त्यासाठी सोडली, त्यांची सगळी वर्षे त्यात मावली आहेत.

ठाण्याचे उदाहरण घ्यायचे तर अंतर्गत रिंग मेट्रो घ्या. 29 किलोमीटर आणि 22 स्थानकांच्या या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 16 ऑगस्ट 2024 रोजी मंजुरी दिली. मंजुरीनंतरच्या दिवसांत ‘अ रिंग मेट्रो फॉर ठाणे इज इन द पाइपलाइन’ हे वाक्य पूर्णपणे बरोबर होते. मंजुरीच्या आधी, नुसत्या चर्चेच्या काळात, मी ‘अ रिंग मेट्रो हॅज बीन प्रपोज्ड’ असे म्हटले असते.

आता हा वाक्प्रचार कुठे चालत नाही ते पाहू. आकाश भरून आले म्हणून ‘रेन इज इन द पाइपलाइन’ म्हणता येणार नाही, कारण पाऊस कुणी हाती घेतलेले काम नाही. तिथे शक्यता सांगायची आहे, म्हणून ‘रेन इज ऑन द कार्ड्स’ म्हणावे. बहिणीचे लग्न जमण्याच्या बेतात असेल तरी ‘ऑन द कार्ड्स’च शोभते, लग्नाला पाइपलाइन म्हटले की त्याची फाइल टेबलावरून फिरते आहे असे वाटते. लग्नाची तारीख अगदी तोंडावर आली असेल तर ‘अराउंड द कॉर्नर’.

‘पाइप ड्रीम’शी मात्र याची कधीच गल्लत करू नका. तिथला पाइप पाण्याचा नव्हे, अफूच्या चिलमीचा आहे. त्या धुंदीत दिसणाऱ्या स्वप्नांवरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत तो शब्द आला. मराठीत आपण त्याला मनातले मांडे म्हणू. एकाच अर्जात हे दोन पाइप बदलले गेले तर अर्थ नेमका उलटा होतो.

भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘ऑन द अँव्हिल’ असाही प्रयोग भेटतो. अँव्हिल म्हणजे ऐरण. त्याचा अर्थ ‘योजना घडवली जात आहे’ असा आहे, पण मराठीत एखादा प्रश्न ऐरणीवर येतो तेव्हा तो तातडीचा झालेला असतो. प्रतिमा तीच, अर्थ वेगळा; म्हणून मराठी बातमीचे इंग्रजी करताना ऐरणीला ऐरण लावू नये.

मग ‘इन द पाइपलाइन’ला मराठीत काय म्हणावे, असे मला विद्यार्थी विचारतात. माझ्या मते सर्वांत जवळचा प्रयोग ‘होऊ घातलेला’ हा आहे: होऊ घातलेला पूल, होऊ घातलेले रुग्णालय. ‘घाटत आहे’ म्हटले की बेत अजून लोकांच्या मनात आणि बोलण्यात असतो, आणि ‘शिजत आहे’ म्हटले की त्यात लपवाछपवीचा वास येतो. ‘विचाराधीन’ तर धरणाच्या अलीकडचा शब्द आहे. त्याचे इंग्रजी ‘अंडर कन्सिडरेशन’ असेच करावे.

शेवटी मुलाखतीचा प्रसंग घेऊ, कारण ऐरोलीच्या आणि वागळे इस्टेटच्या कंपन्यांत मुलाखतीला जाणारी मुले मला हेच विचारायला येतात. समोरची व्यक्ती हसून विचारते, ‘सो, व्हॉट हॅव यू गॉट इन द पाइपलाइन?’ म्हणजे सध्या तुमचे काय काय चालू आहे. इथे पुढे कधीतरी जर्मन शिकायची इच्छा आहे, हे सांगू नका. वर्गात नाव घातले असेल, शुल्क भरले असेल, पुस्तक आणले असेल, तर शांतपणे म्हणा, ‘आय हॅव अ जर्मन कोर्स इन द पाइपलाइन, इट बिगिन्स इन जून.’ नाव घातलेले नसेल, तर ‘आय होप टू लर्न जर्मन’ हे वाक्यही चांगले आहे, आणि तेच म्हणा.