खाऱ्या हवेतला फोन

मंडळी, आधी एक वस्तू दाखवतो. पुठ्ठ्यावर चिकटवलेला हा तुकडा पुढच्या रांगेतून मागे जाऊ द्या, सोबत भिंग आहे. मोबाइलला चार्जर लावतो ते तोंड मी कापून मोकळं केलंय. आत जिभेसारखी पट्टी दिसेल आणि तिच्या दोन्ही अंगांना मिळून २४ पिना. एका टोकाच्या चार-पाच पिना नीट बघा. हिरव्या झाल्या आहेत. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, तोच हा कळंक. पिनांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, ती त्यांची कल्हई. वायर घालून-काढून ती झिजते, खालचं तांबं उघडं पडतं आणि मग आपली हवा ते खायला लागते.

गेली अठरा वर्षं मी रत्नागिरीत मोबाइल दुरुस्त करतो. माझ्याकडे काच फुटलेले फोन येतात, तसेच हे कळकलेलेही येतात, आणि मला वाईट वाटतं ते कळकलेल्यांचं. कारण काच फुटली तर माणसाला कळतं. इथे फोन महिनाभर आतून मरत असतो आणि मालक म्हणतो, चार्जर जरा हलवून लावावा लागतो एवढंच.

महागातले दोन फोन समोर ठेवून कुठला घ्यावा, यावर बोला असं वाचनालयाने सांगितलं. ॲपलचा आयफोन १६ प्रो मॅक्स आणि सॅमसंगचा गॅलॅक्सी एस २५ अल्ट्रा हे दोन मी निवडले, कारण दोन्ही माझ्या टेबलावर बरेच दिवस राहून गेले आहेत. पहिला ९ सप्टेंबर २०२४ ला जाहीर झाला, दुसरा २२ जानेवारी २०२५ ला. २५६ जीबीचा आयफोन आला तेव्हा आपल्याकडे १,४४,९०० रुपयांना होता, तेवढ्याच साठवणीचा सॅमसंग १,२९,९९९ ला. दोन्हींच्या पुढची मॉडेलं आता आली आहेत, तेव्हा हे दोन उतरलेल्या भावात मिळू शकतील.

आपल्या रत्नागिरीजवळच्या काळबादेवीचं एक जोडपं गेल्या महिन्यात हीच दोन नावं चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे आलं. तो मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. ती घरामागे काजूचा लहानसा कारखाना चालवते, सहा बायका कामाला. दोघांनी मिळून एकच चांगला फोन घ्यायचा होता आणि तो त्याच्यासाठी घ्यायचा असं ठरलेलं होतं. मुलाने इंटरनेटवर वाचून काढलेलं कारण पक्कं होतं: आयफोन सहा मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकतो, सॅमसंग दीड मीटर. बाबा दर्यावर जातात, म्हणून आयफोन.

आकडे बरोबर आहेत. दोन्ही फोनना आयपी ६८ हा संरक्षणाचा दर्जा आहे, त्यातला ६ धुळीसाठी आणि ८ पाण्यासाठी. पण ही परीक्षा गोड्या, स्थिर पाण्यात होते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. सॅमसंग स्वतःच सांगते की फोन समुद्रावर किंवा पोहण्याच्या तलावात वापरू नका. ॲपलही सांगते की हा पाणीरोध कायमचा नाही, वापराने कमी होत जातो, आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. म्हणजे सहा आणि दीड या आकड्यांवर भांडण्यात आपल्याला काही मिळत नाही. आपला फोन सहा मीटर खोल जात नाही, तो ओल्या खिशात राहतो.

खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. चार्जरच्या तोंडात त्याचा एक थेंब आहे आणि तुम्ही वायर लावलीत, तर एका पिनेतून दुसरीकडे त्या थेंबातून वीज वाहायला लागते आणि धातू विरघळतो. शाळेत विद्युतविलेपन शिकलात, तेच. म्हणून दोन्ही फोनना ओल कळते आणि ते सूचना दाखवतात. ती सूचना आली की वायर काढा, माझी हात जोडून विनंती आहे. घाई असेल तर बिनवायरच्या चार्जिंगवर ठेवा. आपल्या किनाऱ्यावर बिनवायरचं चार्जिंग ही चैन नाही. पिनांची झीज वाचवण्याचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे. इथे आयफोन पुढे आहे: पाठीत चुंबक असल्यामुळे तो पॅडवर बरोबर जागी चिकटतो. सॅमसंगला त्यासाठी चुंबकाचं कव्हर घ्यावं लागतं.

चुंबकाचा विषय निघालाच आहे तर आपल्या वाळूबद्दल सांगतो. लहानपणी आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर लोहचुंबक दोऱ्याला बांधून ओढायचो. त्याला काळे कण असे चिकटायचे की दाढी उगवल्यासारखी दिसायची. आपल्या काळ्या वाळूत लोहाची खनिजं आहेत आणि त्यांच्याबरोबर इल्मेनाइट आहे. इल्मेनाइट म्हणजे लोह आणि टायटॅनियम यांचं ऑक्साइड. ज्या टायटॅनियमच्या चौकटीचं या दोन्ही फोनच्या जाहिरातीत एवढं कौतुक आहे, त्या धातूचं खनिज काळबादेवी-मिऱ्याच्या वाळूत पायाखाली आहे, याचा मला खरोखर आनंद वाटतो. आणि खाऱ्या हवेसाठी ही चौकट उत्तमच, टायटॅनियम समुद्राच्या पाण्याला दाद देत नाही. पण फोनच्या स्पीकरमध्येही चुंबक असतो, आणि तो हीच काळी वाळू ओढून घेतो. किनाऱ्यावर फोन पालथा ठेवलात की जाळीत कण बसले. टाचणीने उकरू नका, ते आत जातात. मऊ, कोरड्या ब्रशने फोन उलटा धरून झाडायचा. वाळूतली गारगोटी काचेपेक्षा कठीण असते. तेव्हा वाळूचा हात लागलेला फोन शर्टाला पुसणं म्हणजे त्याला पॉलिश पेपर मारणं.

आता माझी स्वतःची एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी माझा महागडा फोन भाट्याच्या खाडीत पडला. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, त्याने काही बदलत नाही. लगेच काढला, चालू होता. घरी तांदळाच्या डब्यात ठेवला आणि रात्री चार्जिंगला लावला. मी, हे काम करणारा माणूस! फोन चालतोय या आनंदात गोड्या पाण्याने धुवायचं राहिलं. तीन आठवड्यांनी तो बंद पडला. सेवा केंद्रातल्या मुलाने सिमची पट्टी बाहेर ओढली आणि टॉर्च मारून आतला ठिपका दाखवला. पांढरा ठिपका पाण्याने लाल होतो, माझा लाल होता. पुढे बोलणंच संपलं. त्यासाठी मी अंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो होतो, जवळजवळ १३० किलोमीटर.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो. फोन खाऱ्या पाण्यात पडला, काच शाबूत आहे आणि तो पूर्वी कधी उघडलेला नाही, तर बंद करा आणि नळाच्या हलक्या धारेखाली धुवा. लोकांना हे ऐकून धस्स होतं. पण मीठ आत वाळू देण्यापेक्षा गोडं पाणी बरं. मग तोंड खाली करून तळहातावर हलकेच आपटा आणि वाऱ्याशी ठेवा. तांदळात घालू नका, ॲपलने जानेवारी २०२४ मध्ये हे वेगळं सांगितलं, कारण तांदळाची कणी आत जाते. आणि एक प्रामाणिक गोष्ट: मी किंवा कुणीही उघडलेला फोन आतला डिंक नव्याने नीट बसवल्याशिवाय पहिल्यासारखा पाणीरोधक राहत नाही. तो धुवायला जाऊ नका.

तर त्या जोडप्याकडे येतो. मी तांडेलांना विचारलं, बोटीवर फोन कशाला वापरता? म्हणाले, किनारा दिसेनासा झाला की रेंज जाते, मग वायरलेस सेट आणि जीपीएस. मुलाचं म्हणणं, आयफोनमधून उपग्रहावरून मदत मागता येते. ती सोय भारतात चालत नाही. आपल्याकडे उपग्रह फोनला सरकारी परवानगी लागते. समुद्रावर जीव वाचवणारी गोष्ट म्हणजे चालू असलेला वायरलेस सेट, अंगावरचं लाइफ जॅकेट आणि रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ नंबर. लाखाचा फोन बोटीवर न्यायला माझा विरोध आहे. तिथे पंधरा हजारांचा साधा फोन, प्लास्टिकच्या बंद पिशवीत.

मग फोन वापरणार कोण? काजूगरांच्या ऑर्डरी, व्हॉट्सॲपवर फोटो, मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं, पैसे आले-गेले, हे सगळं त्या ताई करतात. मी सॅमसंग त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, बोट नोंदवून बघा. त्याच्या काचेखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर आहे, बोटावरच्या रेषांवर आवाजाच्या लहरी सोडून तो ठसा वाचतो. त्यांनी अंगठा टेकवला. पुन्हा टेकवला. तर्जनी, मधलं बोट. प्रत्येक वेळी फोन म्हणे, परत प्रयत्न करा. त्यांनी हात उलटा करून दाखवला. बोटांची टोकं गुळगुळीत, मध्ये काळपट चट्टे. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. राख लावा, खोबरेल लावा, वर्षानुवर्षं काजू फोडणाऱ्या बाईच्या बोटावर रेषा उरत नाहीत. त्या म्हणाल्या, “रेशनच्या दुकानातही माझा अंगठा लागत नाही.” इतकं साधेपणाने म्हणाल्या की मला पुढचं वाक्य सुचेना.

आयफोनला बोट लागतच नाही. तो चेहऱ्यावर न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे ३०,००० हून जास्त ठिपके टाकतो आणि चेहऱ्याचे उंचवटे वाचतो, अंधारातसुद्धा. सॅमसंगमध्येही चेहऱ्याने फोन उघडतो, पण तो नुसता कॅमेऱ्याने बघतो आणि तो प्रकार कमी सुरक्षित असल्याचं कंपनीच सांगते. पैशाच्या कामाला मी त्यावर विसंबणार नाही. त्या ताईंसाठी माझ्या मनात तिथेच निकाल लागला. कुठल्याही परीक्षणात ‘काजू फोडणाऱ्या हातांसाठी’ असा रकाना मी पाहिलेला नाही, आणि आपल्या जिल्ह्यात असे हात किती आहेत ते तुम्ही जाणता.

पण आंब्याचा धंदा करणाऱ्या माणसाला मी उलटं सांगेन. एप्रिल-मेमध्ये हाताला चीक, कपाळावर घाम, समोर पेट्या भरणं चाललेलं. टचस्क्रीन बोटाची विद्युत चाहूल ओळखते, घामाचा थेंब पडला की तिला तेही बोट वाटतं. सॅमसंगच्या पोटात पेन आहे. त्या पेनाची ओळख वेगळ्या, विद्युतचुंबकी पद्धतीने होते, म्हणून ओल्या काचेवरही ते साथ देतं. फोन बंद पडद्याचा असताना पेन उपसलं की थेट काळ्या पाटीवर लिहिता येतं: पाच डझनी चाळीस, सहा डझनी पंचवीस, दादरला. शिवाय त्याची काच उन्हात आरशासारखी चमकत नाही. पडद्याचा प्रकाश कागदोपत्री २६०० निट्स (निट म्हणजे पडद्याचं तेज मोजायचं माप), आयफोनचा २०००. पण बागेत खरा फरक पडतो तो चमक मारण्याचा.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण दोन्ही इतके चांगले आहेत की होमस्टेवाल्याने कुठलाही घ्यावा. २०० मेगापिक्सेल विरुद्ध ४८, हा आकडा व्हॉट्सॲपवर दिसत नाही. पाचपट झूम दोन्हींत आहे. भिंगावर चढलेला मिठाचा पापुद्रा ओलसर मऊ फडक्याने पुसा, फोटोत जास्त फरक त्याने पडेल.

बॅटरी मात्र आपण गंभीरपणे बघायला हवी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. सलग व्हिडिओ चालवला तर आयफोन ३३ तास आणि सॅमसंग ३१ तास, असं कंपन्या सांगतात. हा फरक नगण्य आहे. वीज थोडाच वेळ येणार असेल तेव्हा भरण्याचा वेग बघायचा: सॅमसंग ४५ वॉटच्या चार्जरवर अर्ध्या तासात सुमारे ६५ टक्के, आयफोन साधारण ३५ मिनिटांत ५० टक्के. चार्जर कुणाच्याच डब्यात येत नाही, तो धरून हिशेब करा. दोन्ही फोन वायरने शेजाऱ्याच्या फोनला थोडी वीज देऊ शकतात, हेही वादळात आठवा.

किती वर्षं चालेल? सॅमसंगने सात वर्षं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवण्याचं वचन दिलंय. ॲपल असा आकडा इथे छापत नाही, पण २०१८ च्या त्यांच्या फोनला २०२४ चं सॉफ्टवेअर, आयओएस १८, मिळालं. तेव्हा आयुष्य ठरणार ते आपल्या हवेवर आणि दुरुस्तीवर. किमतीत जवळजवळ पंधरा हजारांचा फरक होता. ज्याने सॅमसंग घेतला त्याने ते पैसे कंपनीच्या अपघाती नुकसानीच्या योजनेत घालावेत. आयफोन घेणाऱ्याने ती योजना धरूनच परवडतं का ते बघावं, नाहीतर घेऊ नये. आणि विकत घेण्यापूर्वी जवळचं अधिकृत सेवा केंद्र कुठे आहे ते फोन करून विचारा. घाट चढायला लागणार असेल तर तो खर्च फोनच्या किमतीतच धरायचा.

आता एक काम करू. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली हे दोन्ही पडदे सारखेच दिसतात, आणि इथेही ट्यूबलाइटच आहे. काळबादेवीच्या ताई मागे बसल्या आहेत, त्यांनी अजून काही घेतलेलं नाही. घड्याळात साडेचार झाले आहेत, अंगणात चांगलं ऊन आहे. दोन्ही फोन घेऊन बाहेर जाऊया. ज्यांना बोट नोंदवून बघायचं असेल त्यांनी हात न धुता, आहे तसेच या.