साखरराजाचा पाट

नमस्कार श्रोतेहो. उसाची गोष्ट काढली की आपल्याकडे दुसऱ्याच वाक्यात पाणी येतं. पाट सुटला का, पाळी कधी, टेलपर्यंत पोचतंय का. आजची गोष्टही पाण्याचीच आहे, पण हवाई बेटांवरची.

क्लाऊस स्प्रेकल्स हा जर्मन शेतकऱ्याचा मुलगा 1846 मध्ये अमेरिकेत उतरला. आधी किराणा, मग बिअर, मग सॅन फ्रान्सिस्कोत साखर शुद्ध करण्याचा कारखाना. 1876 मध्ये हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात येऊ देणारा करार झाला. स्प्रेकल्सचा त्याला विरोध होता. पण ती बातमी घेऊन होनोलुलूला निघालेल्या बोटीत हाच गृहस्थ! भाव चढायच्या आत त्यानं तिथली बरीचशी साखर उचलली.

मग माऊई बेटावर जमीन घेतली. हालेआकाला डोंगराच्या ईशान्येला धो धो पाऊस, आणि मधल्या माळावर नुसता फुफाटा. घाटमाथा ओलांडून देशावर उतरल्यासारखं. पाणी आणायला सरकारची परवानगी हवी. जुलै 1878 मध्ये हवाईचा राजा कालाकाऊआ यानं मध्यरात्री मंत्र्यांचे राजीनामे मागवले. नव्या मंत्र्यांनी आठ-दहा दिवसांत पाणी देऊन टाकलं: 30 वर्षांसाठी, वर्षाला 500 डॉलर. त्याच सुमारास राजाला 40 हजारांचं कर्ज मिळालं होतं. कुणाकडून, ते तुम्ही ओळखलंच असेल.

सुमारे 48 किलोमीटरचा पाट खणला गेला. वाटेत घळी लागल्या तिथे लोखंडी नळ टाकले. माळावर ऊस उभा राहिला, गावाचं नावच स्प्रेकल्सव्हिल पडलं. फडात राबायला चिनी, पोर्तुगीज, पुढे जपानी माणसं आली. 1881 मध्ये कारखान्यात विजेचे दिवे लागले. राजवाड्यात वीज आली ती त्यानंतर. लोक त्याला साखरराजा म्हणू लागले. खऱ्या राजाशी मात्र 1886 मध्ये फाटलं, आणि 1898 मध्ये कंपनीही हातातून गेली.

मळा पुढे शंभरहून अधिक वर्षं चालला. शेवटचं गाळप डिसेंबर 2016 मध्ये झालं.

पण पाण्याचा तंटा राहिलाच. हवाईचे मूळ रहिवासी ओढ्याकाठी अळू लावतात. आपण पानांच्या वड्या करतो, त्यांचं पोट त्याच्या कांद्यावर. पाटानं ओढे आटले, तशी त्यांची अळूची खाचरं सुकली. वर्षानुवर्षं ते भांडले. अखेर 2018 मध्ये तिथल्या जल आयोगानं दहा ओढ्यांचं पाणी पूर्णपणे ओढ्यातच सोडायचा आदेश दिला.